नक्षी आणि हात : इराणी गालिच्यांविषयी एक विचार

इराणी गालिच्यांवर इंग्रजीत आणि अन्य युरोपीय भाषांत झालेले लेखन विपुल आहे. ते चाळू लागले की एक सूर पुनःपुन्हा कानी पडतो. जुना गालिचा तेवढा शुद्ध, नवा भ्रष्ट; राजाश्रय होता तोवर कला होती, बाजार आला आणि ती लयाला गेली. हा सूर ऐकायला गोड आणि पटायला सोपा आहे. आपल्याकडे संगीताविषयी, नाटकाविषयी, फार काय पैठणीविषयीही याच चालीवर बोलण्याची रीत पडली आहे. इराणच्या गालिच्यापुरते तरी हे मत इतिहासाला धरून नाही, असे आमचे म्हणणे आहे. ज्या नक्षीवरून आपण गालिच्याला काशानचा, केरमानचा किंवा तब्रीझचा म्हणतो, ती नक्षी बहुधा त्या गावची नसते. ती कोठून तरी आलेली, कोणी तरी मागवलेली, पुष्कळदा परक्याच्या पसंतीची असते. गावचा असतो तो विणणाऱ्याचा हात. कलेचा उत्कर्ष आणि ऱ्हास मोजायचा असेल तर तो या हातापाशी मोजला पाहिजे.

हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही, हे प्रथम सांगावेसे वाटते. ‘गालिचा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिकडे मोठ्या गालिच्याला ‘काली’ म्हणतात आणि लहानाला ‘कालीचे’. आपण लहानाचे नाव उचलले आणि ते लहानमोठ्या सर्वांना लावले. नक्षी, जमीन, कारखाना, रंगरेज हे या कलेतले शब्द मराठी माणसाला नव्याने शिकावे लागत नाहीत. ‘फर्श’ म्हणजे अंथरायची वस्तू, अर्थात गालिचाच. मराठीत मात्र त्याची ‘फरशी’ होऊन तिचा दगड झाला. सरकारी कचेऱ्यांत कोणाच्या टेबलाखाली गालिचा असावा आणि कोणाच्या पायाखाली नुसती फरशी, हे हुद्द्याने ठरते. त्यामुळे या दोन शब्दांचे नाते आमच्यासारख्या कारकुनाच्या विशेष ध्यानात राहिले, इतकेच.

आता थोडे विणीविषयी, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. विणणारी स्त्री (इराणात हे काम करणाऱ्या बहुधा स्त्रियाच) दोन उभ्या धाग्यांना रंगीत लोकरीचा तुकडा गुंडाळते, टोके पुढे ओढते आणि कापते. ही झाली एक गाठ. अशी गाठींची एक ओळ भरली की आडवे धागे घालून जड फणीने ती ठोकून बसवायची. गाठीचे मुख्य प्रकार दोन. एकीत लोकर दोन्ही धाग्यांना सारखीच वेढते. तिला तुर्की गाठ म्हणतात. दुसरीत एका धाग्याला पूर्ण वेढा पडतो आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. ती फारसी गाठ. ग्रंथांत या दुसरीला ‘सेन्ने’ गाठ असेही म्हणतात. सेन्ने हे कुर्दिस्तानातल्या सनंदज शहराचे जुने नाव. मौज अशी की खुद्द सेन्नेचे विणकर ही गाठ घालतच नाहीत. ते तुर्की गाठ घालतात. नाव देणाऱ्यांनी गालिच्याचे सौंदर्य पाहिले आणि तेथेच समाधान मानले, पाठ उलटून पाहिली नाही. गालिच्याच्या समीक्षेतल्या निम्म्या चुका याच जातीच्या आहेत.

प्रारंभीच्या इतिहासात रेंगाळण्याचे कारण नाही. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना अखंड गालिचा १९४९ मध्ये रशियन संशोधक रुदेन्को यांना सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात, पाझिरिक येथील बर्फाने गोठलेल्या दफनात सापडला. तो इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकातला आहे. तो कोणत्या प्रदेशात विणला गेला याविषयी पंडितांत एकमत नाही. आणि त्याच्या काठावर चालणारे घोडेस्वार व हरणे पाहून ते होण्याजोगेही नाही, कारण चित्र कोठलेही असू शकते. पुढे सातव्या शतकात अरबांनी टेसिफोन जिंकले, तेव्हा सासानी सम्राटाचा वसंतोद्यान रेखाटलेला भव्य गालिचा तुकडे करून सैनिकांत वाटला गेला, असे अरब इतिहासकार सांगतात. तो गाठींचा होता की भरतकामाचा, याविषयीही मतभेद आहेत.

खरी कथा पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होते. तोवरच्या गालिच्यांवर भूमितीच्या आकृती असत; चौकटी, तारे, अष्टकोन. पाहता पाहता त्यांची जागा वळणदार वेलींनी, मधल्या पदकाने, ज्याला इराणात ‘तुरंज’ म्हणतात त्याने, घेतली. कुर्ट एर्डमान या जर्मन पंडिताने या घटनेला नक्षीतील क्रांती म्हटले आहे. ही क्रांती मागावर झाली नाही. ती झाली ग्रंथशाळेत. हेरातच्या आणि तब्रीझच्या दरबारात पोथ्यांची पाने रंगवणारे, चामड्याच्या बांधणीवर मध्ये पदक आणि कोपऱ्यांत त्याचे चतुर्थांश काढणारे जे चित्रकार होते, त्यांचा आराखडा गालिच्यावर उतरला. आज ज्याला आपण अस्सल इराणी नक्षी म्हणून ओळखतो, ती मुळात पुस्तकाची आहे. विणकराच्या घरी ती बाहेरून आली, आणि तीही हुकूम म्हणून आली.

या काळाचे शिखर म्हणून अर्दबीलच्या गालिच्याचे नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. लांबी साडेदहा मीटर, रुंदी सव्वापाच मीटरांहून अधिक, रेशमी ताण्यावर लोकरीची लव, एकूण दहा रंग. त्यावर हिजरी ९४६ हे साल विणलेले आहे, म्हणजे इसवी सन १५३९-४०. त्या वेळी शाह तहमास्प गादीवर होता. दरबाराचा सेवक मकसूद काशानी याचे हे काम, असाही लेख त्यावर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्दबीलच्या शेख सफीच्या दर्ग्यातून तो मँचेस्टरच्या एका व्यापारी पेढीच्या हाती गेला. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने शिफारस केल्यावर लंडनच्या संग्रहालयाने १८९३ मध्ये तो २००० पौंडांना विकत घेतला. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तो काचेखाली पसरलेला आहे आणि रंग उडू नयेत म्हणून तासातून दोनदा थोडा वेळच त्यावर दिवे लावतात. ज्याची चर्चा कमी होते ती गोष्ट पुढेच आहे. हा गालिचा एकटा नव्हता, जोडीचा होता. एक धड दिसावा म्हणून दुसऱ्याचे तुकडे त्यास जोडले गेले. तो दुसरा, काठ गमावलेला, १९५३ मध्ये पॉल गेटी यांच्या देणगीतून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात गेला.

यावर आमचा प्रश्न असा की मकसूद हा कोण? त्याने स्वतः या गाठी घातल्या नाहीत हे उघड आहे. गाठींची संख्या अडीच कोटींहून अधिक आहे. कसबी विणकर दिवसाला आठ ते दहा हजार गाठी घालतो असे धरले, तर एकट्या माणसाला सात ते दहा वर्षे लागतील. मकसूद हा नक्षी काढणारा असेल किंवा काम करवून घेणारा असेल. ज्यांनी गाठी घातल्या त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्यावर नाही. तरी या गालिच्यावर लिहिताना समीक्षक तहमास्पाचा काळ, तहमास्पाची अभिरुची, तहमास्पाची कला असे लिहितात. १९३८-३९ मध्ये आर्थर अपहॅम पोप यांनी इराणी कलेचे प्रचंड सर्वेक्षण ग्रंथरूपाने संपादित केले. त्या विद्वत्तेपुढे मान लवते. पण दरबाराच्या वैभवात ते इतके रमतात की मागापाशी कोण बसले होते हा प्रश्न फारसा उरतच नाही.

बाजाराविषयीचा आक्षेप आता पाहू. बाजार हा एकोणिसाव्या शतकात आला ही समजूतच चुकीची आहे. १६०१ मध्ये पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मंड याने सेफेर मुरातोविझ नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला गालिचे आणण्यासाठी काशानला धाडले होते. म्हणजे शाह अब्बासाच्या ऐन सुवर्णकाळात परका गिऱ्हाईक मागणी नोंदवीत होता आणि काशानचे माग ती पुरवीत होते. अशा रेशमी, जरीकाम केलेल्या गालिच्यांपैकी काही १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात एका पोलिश घराण्याच्या संग्रहातून मांडले गेले. त्यांवर कुलचिन्हे पाहून लोकांनी ते पोलंडचेच ठरवले, आणि त्या जातीच्या गालिच्यांना ‘पोलोनेझ’ हे नाव पडले ते आजवर चालते आहे. नक्षीवरून मूळ ठरवण्याचा आणखी एक मासला.

१७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले, सफवी सत्ता कोसळली आणि दरबारी कारखाने बसले. यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेक ग्रंथांत चार ओळींत आटोपतात, जणू देशातले माग थांबले होते. ते थांबले नव्हते. खेड्यांत, तंबूंत, घरोघर विणकाम चालूच होते. नसलाच तर राजा नव्हता. १८७० च्या सुमारास तब्रीझच्या व्यापाऱ्यांनी युरोपला गालिचे पाठवण्याचा धंदा वाढवला, तेव्हा त्यांना विणणारे हात तयार मिळाले ते यामुळेच.

केरमानची गोष्ट तर आपल्याला विशेष जवळची वाटेल. ते गाव गालिच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शालींसाठी प्रसिद्ध होते. काश्मीरच्या शालीवर आणि केरमानच्या शालीवर जो आकार असे, त्याला इराणात ‘बुते’ म्हणतात आणि आपण कोयरी. पैठणीच्या काठावरची, दारातल्या रांगोळीतली, लग्नातल्या कुंकवाच्या करंड्याची ती हीच कोयरी. युरोपात शालींची हौस ओसरली, तेव्हा केरमानचे शालीचे कसबी गालिच्याकडे वळले आणि येताना कोयरी बरोबर घेऊन आले. केरमानी गालिच्याची जी नाजूक, बारीक रंगसंगतीची नक्षी जगाने डोक्यावर घेतली, तिचे अर्धे श्रेय दुसऱ्याच एका मेलेल्या धंद्याला आहे.

१८८३ च्या सुमारास मँचेस्टरच्या झीग्लर पेढीने सुलतानाबाद येथे, म्हणजे आजच्या अराकमध्ये, ठाण मांडले. तिची पद्धत अशी की विणणाऱ्याच्या घरी रंगवलेली लोकर, कागदावरची नक्षी आणि थोडी उचल पोहोचवायची आणि तयार माल घ्यायचा. इंग्लंडच्या दिवाणखान्यात शोभावीत म्हणून फुले मोठी करण्यात आली, मांडणी मोकळी झाली, रंग सौम्य झाले. पंडितांनी याला भेसळ म्हटले. आज तेच झीग्लर गालिचे लिलावात मोठ्या किमतीने जातात आणि तेच पंडित त्यांच्या वृद्ध रंगांची वाखाणणी करतात. शंभर वर्षे लोटली की भेसळ परंपरा होते, असा नियमच दिसतो.

नक्षी किती फिरते हे पाहायचे तर ‘हेराती’ नावाच्या नक्षीमागे जावे. मध्ये एक फूल, त्याभोवती शंकरपाळ्याचा आकार, आणि बाहेरून चार वळलेली लांबट पाने. ती पाने माशांसारखी दिसतात म्हणून इराणी लोक हिला ‘माही’ म्हणतात. नाव हेरातचे, आणि हेरात आज अफगाणिस्तानात. ही नक्षी खोरासानात विणतात, फराहानात विणतात, तब्रीझला विणतात, कुर्दी मुलखात सेन्नेला विणतात आणि त्याच मुलखातल्या बिजारला विणतात. सेन्ने आणि बिजार ही तशी शेजारची गावे. दोन्हीकडची गाठ तुर्की, नक्षीही एकच. परंतु सेन्नेचा गालिचा पातळ, त्याची पाठ हाताला वाळूसारखी खरखरीत लागते. बिजारचा इतका घट्ट ठोकलेला की त्याला ‘लोखंडी गालिचा’ म्हणतात आणि तो घडी न घालता गुंडाळूनच ठेवावा असे सांगतात. डोळे मिटून हात फिरवला तरी दोन गावे वेगळी कळतील. डोळे उघडून नुसती नक्षी पाहिली तर कळतीलच असे नाही. आमच्या म्हणण्याचा सारा पुरावा या एका जोडीत आहे.

त्याहून सुंदर उदाहरण हेरिझचे. हे तब्रीझच्या पूर्वेचे डोंगराळ खेडे. तब्रीझचे व्यापारी तेथे शहरी पद्धतीची, वळणावळणाची तुरंजाची नक्षी पाठवू लागले. हेरिझच्या विणकरांची लोकर जाड, गाठ मोठी. तीत ती वळणे नीट बसण्यासारखी नव्हती. त्यांनी काय केले? वेलीचे वळण मोडून तिला कोन दिले, वर्तुळाचा तारा केला, पानाची पायरी केली. शहराच्या नाजूक रेघेचे असे रूपांतर झाले की आज कोणी हेरिझ गालिच्याला तब्रीझची नक्कल म्हणणार नाही. विटकरी जमिनीवर निळे-हस्तिदंती कोनदार तुरंज दुरूनही ओळखू येते. येथे नक्षी परकी, मागणी परकी, पैसा परका. कला मात्र हेरिझची आहे, आणि ती जन्मली ती हाताच्या अडचणीतून. भाषांतर करणाऱ्याला हे लगेच कळेल. दुसऱ्या भाषेतले वाक्य आपल्या भाषेच्या वळणात बसेना, की त्याला मोडून पुन्हा घडवावे लागते, आणि कधी कधी ते मूळ वाक्याहून भक्कम होते.

उलट हात बदलून नक्षी तेवढी राखली तर काय होते, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे. विजापूरच्या आसार महालात आदिलशाही काळातले जुने गालिचे होते. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांच्या नकला कैद्यांकडून विणून घेण्यात आल्या. नक्षी जुनी आणि खानदानी, तिच्याविषयी तक्रारीला जागा नाही. तरीही त्या नकलांना त्या काळच्या तुरुंगी मालाहून वेगळे स्थान कलेच्या इतिहासात मिळालेले नाही.

मग ऱ्हास झालाच नाही काय? झाला, पण तो शोधायचा कोठे हा प्रश्न आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या पसंतीने सारुकचे गालिचे विणले जाऊ लागले. गुलाबी जमिनीवर सुटे सुटे पुष्पगुच्छ. या नक्षीला नाके मुरडण्याची प्रथा आहे. आम्हाला नक्षीत विशेष दोष दिसत नाही. दोष पुढे आहे. हे गालिचे न्यूयॉर्कला पोहोचल्यावर त्यांना चकाकी यावी म्हणून रसायनांनी धूत. त्यात लाल रंग उडे. मग कुंचल्याने हाताहाताने गडद किरमिजी रंग लव्हीवर पुन्हा चढवीत. पाठीवर मूळचा गुलाबी आणि तोंडावर रंगवलेला किरमिजी, असा तो गालिचा. विणणारणीने निवडलेला रंग तिच्या अपरोक्ष पुसला गेला. हल्ली काही मालक तो वरचा रंग काढवून घेतात.

दुसरा ऱ्हास रंगातलाच. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा आणि डाळिंबाच्या सालीचा पिवळा यांच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲनिलीनचे स्वस्त रंग आले. ते उन्हात उडत, पाण्यात पसरत. शतकाच्या अखेरीस इराणच्या सरकारने त्यांवर बंदी घातली. ती पुरतेपणी पाळली गेली नाही. सरकारी परिपत्रकांचा अनुभव असलेल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये. तिसरा ऱ्हास सर्वांत सूक्ष्म. गाठ दोन धाग्यांवर घालण्याऐवजी चार धाग्यांवर घालायची. तिला ‘जुफ्ती’ म्हणतात. काम निम्म्याने वाचते, लव विरळ होते आणि वरून पाहणाऱ्याला चटकन समजत नाही. सेसिल एडवर्ड्स यांनी १९५३ च्या ‘द पर्शियन कार्पेट’ या ग्रंथात या गाठीवर कडक टीका केली आहे. एडवर्ड्स हे व्यापारी; हमदानला राहून त्यांनी वर्षानुवर्षे गालिचे विणवून घेतले. पोप यांच्यासारखा पल्ला त्यांच्या लेखनाला नाही. पण प्रत्येक गावची लोकर, फणी, गाठ आणि मजुरी यांची नोंद त्यांनी जशी घेतली तशी पंडितांनी घेतली नाही. या दोघांत एकच ग्रंथ ठेवायचा झाला तर आम्ही एडवर्ड्स ठेवू.

मजुरीचा विषय निघाला म्हणून केरमानकडे पुन्हा वळतो. कोयरीच्या त्या नाजूकपणासाठी लहान बोटे सोयीची पडत. अंधाऱ्या, दमट खोल्यांत मागापुढे तासन्‌तास वाकून बसल्याने मुलांची हाडे वाकडी होत. १९२० च्या दशकाच्या आरंभी ही गोष्ट जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत गेली आणि १९२३ मध्ये केरमानच्या राज्यपालाने कामाचे तास आठ आणि मुलांच्या वयाला किमान मर्यादा असा हुकूम काढला. ज्या वर्षांत हे घडत होते त्या वर्षांतले केरमानी गालिचे सौंदर्यदृष्ट्या उत्कृष्ट आहेत. समीक्षकाने ते उत्कृष्ट नाहीत असे म्हणू नये; पण हुकुमाची तारीख गाळूनही लिहू नये.

आमच्या मतावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. कश्काई, बलुच, तुर्कमान यांसारख्या फिरत्या टोळ्यांत नक्षीचा कागद नसतो. आईच्या गालिच्यावरून मुलगी विणते. तेथे तरी नक्षी घरची नाही काय? पुष्कळ अंशी आहे. मात्र कश्काईंच्याच काही गालिच्यांत असंख्य बारीक फुलांचा जो ताटवा दिसतो त्याचे मूळ हिंदुस्थानातल्या मोगल गालिच्यांत सांगतात. या लोकांवर खरा घाला आला तो नक्षीच्या बाजूने नव्हे. १९३० च्या दशकात रझा शाहाने टोळ्यांना बळाने एका जागी बसवले. कळप मेले, लोकर गेली.

याच दशकांत नाईन आणि कुम ही गावे पुढे आली. नाईनला आधी लोकरीच्या झग्यांचे कापड विणत. ते झगे घालणे मागे पडले, तसे बारीक सुताला सरावलेले हात गालिच्याकडे वळले. आज नाईनचा निळा-पांढरा आणि कुमचा रेशमी गालिचा परंपरेचा मूर्तिमंत नमुना म्हणून विकला जातो. त्या परंपरेचे वय अजून शंभरीच्या आसपासच आहे. नाईनच्या मालाची प्रत मात्र नक्षीवरून सांगत नाहीत. उभ्या धाग्यात किती पदर पिळले आहेत यावरून सांगतात. चार पदरी सर्वांत उंची, मग सहा, मग नऊ.

पंडितांच्या जगातही ही दृष्टी उशिरा का होईना आली. मे बीटी या संशोधिकेने १९७६ मध्ये मध्य इराणच्या जुन्या गालिच्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा नक्षी बाजूला ठेवून आडव्या-उभ्या धाग्यांची रचना हीच कसोटी धरली. फुलदाणीची नक्षी असलेले आणि नसलेले कितीतरी गालिचे त्यामुळे एका गोत्रात आले. त्याच गोत्रातला, केरमानचा मानला जाणारा, सतराव्या शतकातला एक गालिचा २०१३ मध्ये न्यूयॉर्कला ३ कोटी ३७ लाख डॉलरांना विकला गेला.

१९७९ च्या क्रांतीनंतरचा काळ हा निर्बंधांचा आहे. अमेरिकेने १९८७ मध्ये इराणी माल बंद केला, २००० मध्ये गालिच्यांपुरती वाट उघडली, २०१० मध्ये मिटली, २०१६ मध्ये पुन्हा उघडली आणि २०१८ मध्ये पुन्हा मिटली. या अवधीत इराणी नक्षी पाकिस्तानात, चीनमध्ये आणि आपल्या भदोहीतही विणल्या गेल्या. नक्षीला परवाना लागत नाही. २०१० मध्येच युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात फार्स आणि काशान या दोन ठिकाणांची नोंद केली. त्या नोंदीत एकाही नक्षीवर हक्क सांगितलेला नाही. नोंद आहे ती विणण्याच्या कसबाची. काशानच्या नोंदीत हे कसब मुली आई आणि आजी यांच्या हाताखाली शिकतात, असे सांगितले आहे.